गफ्फारचाचांची रेघ

आपल्या हातच्या कामाला गफ्फारचाचा स्वतः कधीच चांगलं म्हणत नसत. "मले नोको इचारू, भिंतीले इचार," असं म्हणून ते बोट दाखवायचे. चांदूर रेल्वेच्या त्यांच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानाची भिंत खडूच्या रेघांनी भरून गेली होती. ट्रॅक्टरचा नांगर उचलायचा, इंजिन बंद करायचं, फाळाच्या टोकाशी भिंतीवर रेघ मारायची आणि नमाज, जेवण, डुलकी सगळं निवांत उरकून यायचं. तोवर नांगर रेघेखाली उतरला असला, की तेल कुठेतरी गळतंय. मग काम पुन्हा उघडायचं.

आमचा ट्रॅक्टर माझ्या लग्नाआधीचा. त्याला नवा पलटी नांगर घेतला खरा, पण तो उलटायला तेलाचा दाब लागतो आणि तो सोडणारे व्हॉल्व्हच या म्हाताऱ्या ट्रॅक्टरला नव्हते. नांगर उचलणाऱ्या लिफ्टच्या तेलाला फाटा काढून दोन व्हॉल्व्ह बसवायचं चाचांनी कबूल केलं. आधी एकच विचारलं, "नांगराची माती कोन काढते?"

"बाबा. उचललेल्या नांगराखाली बसून, हातानं."

"मंग घाई नोको करू."

पहिल्या दिवशी नांगर चार बोटं उतरला, दुसऱ्या दिवशी दोन. चाचा न कंटाळता उघडत होते, कंटाळलो मी. शेजाऱ्यांची नांगरणी उरकली होती आणि बाबा रोज विचारत होते. "मिस्त्री लय चेंगट हाये," असं मी घरी ठोकून दिलं. तिसऱ्या दिवशी चाचा नमाजला गेले आणि मी नांगराखाली गुपचूप लाकडाचा ठोकळा सरकवला.

चाचा परत आले. नांगर बरोबर रेघेवर. त्यांनी वाकून पाहिलं, पण ओरडले नाहीत. नांगर जरासा उचलून ठोकळा पायानं बाजूला सारला, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "बस आता नांगराखाली. मी जेवून येतो."

मी दोन पावलं मागे सरलो.

"तुले भेव वाटते ना? मंग बापाले काहून बसवून राहिला?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचांनी काम पुन्हा उघडलं, तेव्हा व्हॉल्व्हमधलं एक रबरी वॉशर चिरलेलं निघालं. आणखी दोन दिवस गेले, तेव्हा कुठे नांगर तसूभरही हलला नाही.

व्हॉल्व्हचे नवे दांडे बाबांना समजावून द्यायला चाचा स्वतः शेतावर आले. बाबा पेटलेलेच होते. "एवढ्याशा कामाले पाच दिवस? हात चालत नसन तं दुकान बंद कर ना!"

"हो भाऊ, झाला उशीर," चाचा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी ट्रॅक्टरचं चाक न्याहाळत उभा. एवढा मोठा घोडा झालो, पण तोंडातून एक शब्द फुटला नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. मातीला बाबा आणि मी दोघंही गेलो होतो. परतताना बाबा म्हणाले, "मानूस भला होता, पन कामात लय ढिला." मग मात्र मला राहवेना. ठोकळ्यासकट सगळं सांगून टाकलं.

बाबा रस्त्यातच थांबले.

"मी त्याले दुकान बंद कर म्हनलं," ते म्हणाले, "अन् तू तथीच उभा होता."