मोठा कॅमेरा मीच निवडला

अन्याय झाला तो कामठीच्या एका सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईवर. कोजागिरीच्या दिवशी, सकाळी दहाला दहा मिनिटं कमी असताना. वेळ ठासून सांगते, कारण पॉवरलूमच्या त्या शेडमधली वीज दहाला जाणार होती आणि सगळ्या बाया भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत भराभरा हात चालवत होत्या. मशीनच्या उघड्या पट्ट्यात तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्याच संध्याकाळी मालकाने एक कागद तयार केला. त्यात एक वाक्य होतं: पट्ट्यावरची संरक्षक जाळी बाईने स्वतःच्या हाताने काढली होती. त्याखाली तिचा अंगठा घेतला. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता, म्हणून डावा घेतला. दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बंद.

तिने जाळी काढली नव्हती. काढायला पट्ट्यावर जाळी असावी लागते. त्या शेडमधल्या तिन्ही मशीनच्या जाळ्या सुताच्या पोत्यांमागे सुतळीने बांधून पडल्या होत्या, त्यांना गंज चढला होता, आणि हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जाळी लावली की धागा तुटल्यावर दर वेळी बोल्ट फिरवा, जाळी उतरवा, धागा जोडा, पुन्हा चढवा. काम मंदावतं. मालकाला ते नको होतं. खरं सांगायचं तर बायांनाही नको होतं, त्यांना नगावर पैसे मिळत. पण अंगठा फक्त एकीचाच घेतला गेला.

आम्ही सात-आठ जण होतो. नागपुरात कॉलेजं करायचो, सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचो आणि ती कामठीच्या मोटार स्टँडवर वाटायचो. मला पत्रकाची भाषा चांगली येत होती. कोणावर, कधी, कोणी, आणि आता काय करायचं; चार परिच्छेदांत सगळं. तिच्यावरचं पत्रक मीच लिहिलं होतं. ते घेऊन आम्ही कारखान्यांची तपासणी करणाऱ्या साहेबाकडे गेलो. त्याने ते पूर्ण वाचलं, घडी घातली आणि म्हणाला की बाया बाईच्याच बाजूने बोलतील, मालक मालकाच्या, यातून मी काय ठरवू? डोळ्याला दिसेल असं काही आणा. पंधरा दिवसांनी सुनावणी ठेवतो.

शेडमध्ये पट्टे तेव्हाही उघडेच फिरत होते. अपघात झाल्यावरही मालकाने जाळ्या चढवल्या नव्हत्या, साहेब यायचा असेल तेव्हाच तो त्या चढवणार होता. म्हणजे फोटो हवा होता, आणि लवकर हवा होता.

सीताबर्डीवर जुने कॅमेरे विकणारं एक दुकान होतं. मी आणि आमच्यातला एक वकिलीचा विद्यार्थी तिथे गेलो. आमच्या वर्गणीत बसतील असे दोनच कॅमेरे दुकानदाराने काचेवर ठेवले. एक मोठा एसएलआर, कोणीतरी बरीच वर्षं वापरलेला, कोपऱ्यावर पोचा आलेला, चामडी खोळीत. दुसरा चपटा, काळा, सिगारेटच्या पाकिटाएवढा, फ्लॅश त्यातच बसवलेला.

दुकानदार लहानाचीच तारीफ करत सुटला. फोकस नको, मीटर नको, पर्समध्ये टाका, बटण दाबा. मला लगेच शंका आली. विकणारा माणूस एकाच वस्तूमागे इतका का लागतो? मी त्याच्या रोलबद्दल खोदून विचारलं. तेव्हा कळलं की त्याची निगेटिव्ह करंगळीच्या नखाएवढी निघते, आणि रोल धुवायला मुंबईला पाठवावा लागतो. म्हणजे आमचा पुरावा आधी पाकिटातून मुंबईला जाणार, कोणाच्या हातून जाणार ते माहीत नाही, आणि मोठा करून घेतला की वाळू पसरल्यासारखा दिसणार. मी मित्राकडे पाहिलं. तो म्हणाला, "वाळू तर वाळू. पट्टा उघडा आहे एवढं दिसलं की झालं. तू आत जाशील, चमकवशील, बाहेर येशील. कोणाला कळणारसुद्धा नाही."

मी मोठा कॅमेरा डोळ्याला लावला. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तिथीसुद्धा वाचता येत होती. तेवढ्यात दुकानदार बोलला, "ताई, तो वजनदार आहे. लेडीजला नाही झेपत."

तिथेच निवड झाली. तेव्हा मी मित्राला दुसरी कारणं दिली. चोरून फोटो काढणं हा मालक लोकांचा धंदा आहे, आपण उजळ माथ्याने जाऊ, साहेबासमोर धूसर चित्र ठेवलं तर तो म्हणेल हे कुठलंही शेड असू शकतं. ही कारणं खोटी नव्हती. पण ती मला दुकानाबाहेर आल्यावर सुचली.

मोठ्या कॅमेऱ्याला फ्लॅश नव्हता. शेड अंधारी होती. छपरात काचेचे दोन पत्रे होते आणि त्यांतून ऊन मशीनवर पडायचं ते बारा ते एक. त्याच वेळात मालक जेवून झोपायला घरी जायचा. म्हणजे वेळ आधी ठरवावी लागली, आणि वेळ ठरवायची तर बायांना सांगावं लागलं. बोटं गेलेल्या बाईची नणंद त्याच शेडमध्ये कामाला होती. तिच्याकडे मी निरोप दिला: गुरुवारी बाराला येते, मशीनचा फोटो घ्यायचा आहे, कोणाला बोलू नका. एवढाच निरोप. मशीन आहे तशी ठेवा, हे मी म्हटलं नाही. ते सांगावं लागतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या घरी फोटो म्हणजे परीक्षेच्या अर्जाला चिकटवायचा चौकोन.

गुरुवारी बाराला मी आत गेले तेव्हा आधी वासच आला, झेंडूचा. जमीन झाडून पाणी शिंपडलेलं होतं. बायांनी लग्नाकार्यातल्या साड्या नेसल्या होत्या, केस तेल लावून चापून बसवले होते. तिन्ही मशीनना हार होते. आणि तिन्ही पट्ट्यांवर जाळ्या होत्या. राखेने घासून, पुसून, बोल्ट घट्ट आवळून.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली: फुटल्या. यांना मालकाने गाठलं. मी सरळ नणंदेसमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "मालकाने सांगितलं ना तुम्हाला जाळ्या चढवायला? काय देतो म्हणाला?"

तिने पदराला हात पुसले. मग हळू आवाजात म्हणाली, "मालक काहून सांगन वं ताई? तुमी फोटू काढून राहिल्या न? फोटूत मशीन नागडी दिसन त बरं दिसते का?"

दुसरी एक म्हातारी बाई म्हणाली की सकाळी पाचला येऊन घासल्या, हात पाहा. तिने हात पुढे केले. नखांत गंज होता.

मला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. माफी मागता आली असती, तीही मी मागितली नाही. मी घड्याळ पाहिलं. साडेबारा झाले होते आणि ऊन सरकत होतं. मला काय हवं होतं हे त्यांना माझ्या तोंडावरच दिसलं असणार, कारण नणंदच म्हणाली, "काढून टाकतो न मंग. काढा म्हणता त काढतो. पाच मिनिटाचं काम."

इथे मी थांबायला हवं होतं. कालपर्यंत पट्टे उघडे होते हे खरं. उद्याही उघडे राहणार होते हेही खरं. मग आज पाच मिनिटांसाठी जाळी उतरवून फोटो घेतला तर त्यात खोटं काय, असं मी स्वतःला विचारलं आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. त्यांनी पान्हा आणला, जाळ्या उतरवल्या, हार काढले. मी नवी साडी नेसलेल्या बायांना बाजूला व्हायला सांगितलं. ते त्यांना आवडलं नाही. म्हातारी पुटपुटली, "मंग नेसलो काहाले?" मी कॅमेरा मशीनवर रोखला आणि पूर्ण रोल संपवला. दर वेळी त्याचा आवाज पाटावर लाटणं आपटल्यासारखा यायचा. एकही फोटो हलला नाही. जाताना नणंद म्हणाली की आता एक आमचाही घ्या. रोल संपला होता.

फोटो मोठे करून घेतले. मी त्यांच्याकडे अभिमानाने पाहत बसायचे. पट्ट्याचे टाके मोजता येत होते.

सुनावणीला साहेबाच्या खोलीत आम्ही चौघेच होतो: साहेब, मालक, ती बाई आणि मी. तिने उजवा हात पदराखाली ठेवला होता. साहेबाने फोटो पाहिला, मान डोलावली आणि मालकापुढे सरकवला. मालकाने खिशातून चष्मा काढला, काचा धोतराच्या सोग्याने पुसल्या. बराच वेळ पाहिलं. मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "फोटो एक नंबर काढला ताई तुम्ही." आणि साहेबाकडे वळला. "बोल्टाची भोकं पाहा साहेब. सगळीकडे गंज, आन् भोकाभोवती चकचकीत गोल. पान्हा ताजाच फिरला आहे. खाली झेंडूची पाकळी पण पडून आहे. जाळी आहे म्हणूनच निघाली न? बाया काढतात. मी तेच लिहिलं."

साहेबाने टेबलाच्या खणातून भिंग काढलं. भिंगाची खरं तर गरज नव्हती.

मी बोलायला सुरुवात केली. त्या दिवशी जाळी काढली हे खरं, पण त्याच सकाळी चढवली होती, आणि अपघाताच्या दिवशी... साहेबाने मला मध्येच थांबवलं. विचारलं, फोटोसाठी जाळी तुमच्या सांगण्यावरून काढली का? मी हो म्हटलं. त्याने ते लिहून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, लिहिताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

ते वाक्य कागदावर तसंच राहिलं. आता त्याला माझ्या फोटोचा आधार होता.

बाहेर आल्यावर मी मित्रावर संशय घेतला. मालकाला बोल्टाचं कोणी सांगितलं? तो म्हणाला, "बारा वर्षं तो स्वतः मशीन चालवत होता. त्याला कोणी कशाला सांगायला हवं?" मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही. दुकानदारावर घेतलेला संशय, नणंदेवर घेतलेला, मित्रावर घेतलेला, तिन्ही फुकट गेले. त्या पंधरा दिवसांत मी एकाच माणसावर संशय घेतला नाही, ती म्हणजे मी. लहान कॅमेरा घेऊन कोणत्याही दिवशी न सांगता आत गेले असते, तर उघडा पट्टा, न झाडलेली जमीन, रोजची फाटकी साडी, सगळं आहे तसं आलं असतं. वाळू पसरल्यासारखं का होईना.

कामठीची बस यायची होती. ती बाई माझ्याशेजारी बाकावर बसली. मला वाटलं होतं ती रडेल किंवा शिव्या देईल. तिने डाव्या हाताने पदर सारखा केला. मग म्हणाली, "ताई, आदल्या दिवशी एक लायना कॅमेरा आला होता न शेडात."

मी विचारलं, कोणता कॅमेरा, कधी?

कोजागिरीच्या आदल्या दिवशी दुपारी मालकाच्या घरी त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. जेवणानंतर मालकाने त्यांना शेड दाखवायला आणलं. मशीन चालूच होत्या. पाहुण्यांतल्या एका तरण्या माणसाने खिशातून चपटा कॅमेरा काढला, कोणाला काही न सांगता चमकवला आणि हसला. हिच्या डोळ्यांवर एकदम उजेड आला. तिने उजवा हात आडवा धरला. सगळ्या बाया हसल्या. एवढंच.

"तवा जाळी नवती," ती म्हणाली. "आमी केस पण विचरले नवते."

मी मालकाकडे गेले. तो म्हणाला, असे कोणी पाहुणे आले नव्हते. मुलीचं लग्न दुसरीकडे ठरलं. त्या पाहुण्यांचं गाव कोणी म्हणतं पारशिवनीकडचं, कोणी म्हणतं वाडीला त्यांचं ट्रकचं गोदाम होतं. मी दोन्हीकडे फिरले. दारं उघडली, पाणी मिळालं, फोटो मिळाला नाही. कॅमेरा कोणाचा होता हेही कोणी सांगितलं नाही.

तिसरं वर्ष चालू आहे. ती बाई घरी चरख्यावर डाव्या हाताने कांडी भरायला शिकली आहे, मी पाहिलं आहे, हात बरा चालतो. पण कामठीत कुठल्याच शेडमध्ये तिला घेत नाहीत. जाळी काढणारी बाई, असं तिचं नाव झालं आहे. साहेब बदलून गेला. नव्या साहेबाने मला सांगितलं की फोटो असेल तर फाइल पुन्हा उघडतो, पण तुमचा काढलेला नको.

म्हणून हे वाचणाऱ्याला सांगते. त्या शरदात तुम्ही, तुमचा भाऊ, तुमचा मामेभाऊ कामठीला मुलगी पाहायला गेला असेल आणि त्याच्या खिशात लहान कॅमेरा असेल, तर आज अल्बम काढा. नवरी पसंत पडली की नाही याची मला चौकशी नाही, लपवायचं कारण नाही. मशीनसमोर एक बाई डोळ्यांवर हात धरून हसते आहे, असा फोटो शोधा. धूसर असला तरी चालेल. त्या हाताची बोटं मोजा, पाच भरतील. मग तिच्या कोपरामागे पाहा, पट्ट्यावर जाळी आहे की नाही. आणि तो फोटो निगेटिव्हसकट घेऊन कामठीला या.