घरटी एक मुनवा

माझ्या मावसभावाइतका भित्रा माणूस वसईच्या अख्ख्या पट्ट्यात झाला नाही, आणि यापुढे होईल असंही वाटत नाही. देवानं गास गावाच्या वाट्याला जेवढी म्हणून भीती पाठवली होती ती सगळी यानं एकट्यानं उचलली होती, म्हणूनच आम्ही बाकीचे निर्धास्त हिंडत होतो. लहानपणी तो रहाटाच्या बैलाला भ्यायचा. बैलाच्या डोळ्यांवर झापडं बांधलेली असायची, पण याचं म्हणणं, "तो झापडाच्या आतून माझ्याकडेच बघतो." खुर्चीवर बसण्याआधी तो तिचे चारही पाय हलवून पाहायचा आणि बसल्यावरही सगळा भार तिच्यावर टाकायचा नाही. नारळाखालून जाताना डोक्यावर पाटी धरायचा. शाळेत दरवर्षी पहिला नंबर यायचा तोही भीतीपोटीच. न वाचलेलंच नेमकं विचारतील या धास्तीनं तो पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचं छापखान्याचं नावसुद्धा पाठ करून जायचा. मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, पण त्याची टिंगल करण्याचं काम मी मोठ्या भावाच्या अधिकारानं करत असे. गावात त्याबद्दल माझं कौतुकही होई.

असा हा माणूस स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सरकारी शिष्यवृत्ती मिळवून पिकांच्या रोगांचा अभ्यास करायला विलायतेला गेला, हे आजही कुणाला खरं वाटत नाही. बोटीवर चढताना त्याचे दात वाजत होते. निघण्यापूर्वी त्याच्याकडून एक कागद लिहून घेतला होता, की परत येऊन सरकार सांगेल तिथे पाच वर्षं चाकरी करीन. त्या वेळी कुणी साहेब त्याला म्हणाले होते, "तुम्ही एकटे जात नाही आहात, तुमच्या मागे देश उभा आहे." तेव्हापासून हा दर चार पावलांवर मागे वळून बघायला लागला. विलायतेहून त्याची मला पत्रं यायची. "इथे सर्व कुशल. खोलीचा जिना उभा आहे. कठडा धरून उतरतो. आयला सांगू नकोस." दोन वर्षांत याहून निराळं पत्र आलं नाही. मी ती पत्रं नाक्यावर मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि लोक पोट धरून हसायचे.

इकडे माझ्या मावशीनं आमच्या ख्रिस्ती देवळातल्या माउलीला नवस बोलला होता. पोरगा सुखरूप बोटीतून उतरला, की आपल्या वाडीतल्या राजेळी केळीचा एकेक मुनवा घरटी वाटायचा. मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारं पिल्लू. ते उपटून दुसरीकडे लावलं की त्याची नवी केळ होते. मावशीची राजेळी साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेली. तिच्या उन्हात सुकवलेल्या सुकेळ्यांसाठी लोक पार नालासोपाऱ्याहून चालत यायचे. आजवर तिनं त्या जातीचा मुनवा सख्ख्या जावेलाही दिला नव्हता. म्हणजे पोराच्या जिवाच्या बदल्यात तिनं आपल्याजवळचं सगळ्यांत मोलाचं देऊ केलं होतं.

तो आला त्या दिवशी देवळात मिस्सेची प्रार्थना झाली, अंगणात मांडव पडला, बॅण्ड वाजला. ज्या पोराला बैल भेडसावायचा तो कोट घालून खुर्चीवर बसला होता, अर्थात अर्ध्या भारानं. पाहुण्यांपैकी कुणाला त्याच्याकडून गावात पक्की सडक हवी होती, कुणाला मुलासाठी सरकारी नोकरी, आणि एका म्हातारीनं तर आजारी कोंबडी टोपलीत घालून आणली होती. "तू विलायतेचा ना रे? मंग बग हिला काय झालाय." त्यानं कोंबडीला हात लावला नाही. चोचीला भ्याला असावा. फादरनी भाषण करायला लावलं. परदेशी शिकून येणाऱ्यांची कर्तव्यं यावर त्यानं बोटीत बसून चार पानं लिहिली होती. ती सगळी वाचली आणि शेवटी 'जय हिंद'च्या ऐवजी म्हणाला, "चूकभूल माफ असावी."

मग मुनवे वाटायची वेळ झाली. मावशीनं ते आदल्या दिवशीच काढून, धुऊन, केळीच्या खोडाच्या सोपात गुंडाळून मांडवाच्या कडेला ओळीनं मांडले होते. तेवढ्यात त्यानं मला बाहीला धरून घरामागच्या वाडीत नेलं. एका केळीच्या देठावर बोट ठेवलं. देठावर काळपट हिरव्या तुटक रेघा होत्या, आणि शेंड्याची पानं अरुंद होऊन एकमेकांना चिकटल्यासारखी ताठ उभी होती. मला त्यात काही विशेष दिसलं नाही.

"काय आहे?" मी विचारलं.

"नसेलही काही," तो म्हणाला. "पण असलं, तर हा लागट रोग आहे. मुनव्यातूनच जातो. यातला एकही अंगणाबाहेर जाता कामा नये. मी आयला सांगू का?"

मी हसलो. मी म्हटलं, "अरे, तुला तर झापड बांधलेला बैलही बघायचा! आजच्या दिवशी मावशीचा नवस मोडतोस? गप्प बस." तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कुणीतरी 'सांग' म्हणायला हवं होतं, आणि त्यानं ते विचारायला माणूस निवडला तो मी. मांडवातून मावशीची हाक आली, "कुटं गेला माजा पोर? त्याच्या हातानं वाटायचं हायत." तो गेला. घरटी एक, असे सगळे मुनवे त्यानं आपल्या हातांनी वाटले. आमच्या घरचा मीच घेतला.

त्यानंतर सरकारी हुकमाची वाट पाहत तो पाच-सहा महिने गावात राहिला. सरकारनं कळवलं होतं, नेमणुकीचा हुकूम येईपर्यंत घरी थांबावं. रोज सकाळी तो हातात छत्री घेऊन निघायचा आणि एकेका वाडीत शिरून आपण दिलेल्या मुनव्यापाशी उभा राहायचा. लोकांना वाटायचं, विलायतेहून आलेला साहेब आपली केळ तपासायला जातीनं येतो. ते त्याला ओट्यावर बसवून चहा पाजायचे. नाही म्हणायची त्याला भीती, त्यामुळे तो रोज दहा-बारा घरचा चहा प्यायचा आणि रात्री पोट धरून पडायचा. "अरे, एवढी चिंता कसली करतोस?" मी म्हणायचो, पण आता माझं हसू पहिल्यासारखं येत नव्हतं. आमच्या अंगणातल्या त्या मुनव्याला नवं पान फुटलं की मी आधी मावळतीच्या उजेडात त्याचा देठ धरून बघायचो, आणि कुणी आलं की हात मागे घ्यायचो.

मग एकाच आठवड्यात दोन्ही गोष्टी झाल्या. त्याचा हुकूम आला, घाटापलीकडच्या, दूर देशावरच्या कुठल्याशा शेतकी केंद्रावर आठ दिवसांत हजर व्हायचा. आणि आमच्या मुनव्याच्या देठावर रेघा उमटल्या.

मी धावत त्याच्याकडे गेलो. तो पेटी भरत होता. आमच्याच नव्हे, अर्ध्या गावच्या वाड्यांत रेघा आल्या होत्या, हे त्याला माझ्या आधी ठाऊक होतं. उपाय एकच होता. लागलेली प्रत्येक केळ गड्ड्यासकट खणून जाळायची, आणि तिच्या आसपासच्या जुन्या बागाही, त्यांवर केळ्यांचे लोंगर लटकत असले तरी. नाहीतर दोन वर्षांत गासमध्ये केळ उरणार नव्हती. मी त्याला म्हटलं, आणि हे मला लिहायला जड जातंय, "तू जा. हुकूमच आहे. तू गेल्यावर केळी आपोआप वाळतील, लोक हवेला दोष देतील. मावशीचंही नाव राहील."

"मी गेलो तर त्यांना सांगणार कोण?" तो म्हणाला. "मला एवढं लांब पाठवलं ते कशासाठी? मी काय तिथला जिना बघून आलो?"

रविवारी मिस्सा सुटल्यावर तो देवळाच्या पायऱ्यांवर उभा राहिला. त्यानं दाराची चौकट घट्ट धरली होती. हातात कागद नव्हता. त्यानं रोग सांगितला, उपाय सांगितला, आणि मग म्हणाला, "हा रोग आमच्या वाडीतून तुमच्याकडे आला. माझ्या हातांनी आला. मला त्याच दिवशी दिसला होता. मी बोललो नाही. मी भ्यालो."

गलका उठला. "लेकरांच्या तोंडचा घास जाळायला सांगतो काय?" "सरकारनं हाच शिकवायला नेलता काय तुला?" एकानं विचारलं, "तवा दिसला, तर कोनालाच कसा नाय सांगितला?"

मी चार माणसं सोडून उभा होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित मी पुढे झालो असतो. त्यानं मुद्दाम पाहिलं नाही. तो समोर नजर ठेवून म्हणाला, "कुणालाच नाही." आणि मी, ज्यानं आयुष्यभर त्याच्या भित्रेपणावर गावाला हसवलं, तो मी बुटांकडे बघत उभा राहिलो.

मग बायकांच्या घोळक्यातून मावशी पुढे आली. लुगड्याचा पदर खोचत ती पायऱ्यांशी गेली. मला वाटलं, त्याच्या थोबाडीत देईल. ती लोकांकडे वळली नि म्हणाली, "कोयतं आना. पयली माजी वाडी." दुपारपर्यंत तिची सगळी राजेळी आडवी झाली. लोंगर आलेल्या केळींवर तिनं पहिला घाव स्वतः घातला. तो पहारीनं गड्डे खणत होता आणि मध्येच थांबून त्याच जुन्या सवयीनं मागे वळून बघत होता. मागे एकेक करून गाव कोयते घेऊन उभं राहिलं होतं.

केळ वाचली. आज गासात ज्या केळी आहेत त्या दोन वर्षं जमीन मोकळी ठेवून, मग त्यानं लांबून पाठवलेल्या निरोगी मुनव्यांतून वाढलेल्या आहेत. राजेळीचा तो जुना वाण मात्र गेला. मावशी पुढे मरेपर्यंत सुकेळी करायची, पण खाणाऱ्याला म्हणायची, "ती चव नाय रे."

तो सुट्टीत यायचा. खुर्चीचे पाय हलवून बसायचा, नारळाखालून वाट वाकडी करून जायचा, आणि घरात शिरण्यापूर्वी सगळ्या वाड्यांतून देठ बघत एक फेरी घालायचा. गावातली पोरं त्याच्या मागून त्याची नक्कल करत चालायची, जशी मी शिकवली होती तशी. त्या रविवारबद्दल तो माझ्याशी एक शब्दही कधी बोलला नाही. मी बोलेन म्हणून मात्र तो वाट बघत असावा. निघताना एस.टी.च्या खिडकीतून तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचा, मी हात हलवायचो, आणि गाडी सुटायची.

आता तो नाही, मावशीही नाही. गावात अजून कुणी कुणी सांगतात, की तो शिकलेला माणूस होता पण भित्रा, दिसलं तेव्हा बोलला नाही. माझ्यासमोरच सांगतात. त्याच दिवशी त्यानं एका माणसाला सांगितलं होतं, हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे, आणि लिहिताना मला दर ओळीला मागे वळून बघावंसं वाटतं आहे.