नाव न विचारलेली मावशी

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात एका वाक्याखाली सरांनी पेन्सिलीने रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘संदर्भ?’ पाणी बिघडणार असेल तर खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, आधीच चिखलात खोल जातात, असं ते वाक्य होतं.

हे मला तिसऱ्या काढणाऱ्या एका मावशीने सांगितलं होतं. दोन वर्षं मी तिच्यामागून गुडघाभर चिखलात फिरले, तिच्या डब्यातली भाकरी खाल्ली. छापील लेखांची वर्षं आणि पानांचे आकडे मी न चुकता टिपले. तिचं नाव विचारायचं मात्र कधी सुचलंच नाही. छापलेलं नसलं की ते कुणाचं आहे, असं आपल्याला वाटतच नाही का?

दुसऱ्या दिवशी सकाळीच खाडी गाठली. तिथे भराव पडला होता. जवळच्या वस्तीत दारोदार विचारत फिरले. एक बाई म्हणाली, “कुठली मावशी? इथं सगळ्या मावश्याच. भराव टाकल्यावर कोण कुठं गेलं, कुणाला ठाऊक?”

तिथूनच सरांना फोन केला. “‘तिसऱ्या काढणारी एक बाई’ एवढंच लिहिलं तर चालेल का सर?”

“नाव नाही, तर संदर्भ नाही,” सर शांतपणे म्हणाले. “उद्या प्रबंध द्यायचाय. वाक्य काढून टाक.”

मी ते काढलं. संदर्भसूची आता बिनचूक आहे, चांगली नऊ पानांची. तिच्यातल्या एकाही माणसाचा चेहरा मी पाहिलेला नाही.