सासवांची उलटी शर्यत

आमच्या वसाहतीत जयंतीच्या आठवड्यात बायकांच्या ज्या स्पर्धा होतात, त्यांत सासू-सुनांच्या शर्यतीला सर्वाधिक गर्दी होते. पूर्वी ही शर्यत तीन पायांची असे. सासूचा एक पाय सुनेच्या एका पायाला ओढणीने बांधायचा आणि दोघींनी पळायचे. एका वर्षी एक जोडी आपटली, आणि कोणी कोणाला ओढले यावरून सुरू झालेले भांडण पुढची जयंती आली तरी मिटले नाही. तेव्हा महिला मंडळाने नियम बदलला. आता सासू उलटी धावते. सून तिच्याकडे तोंड करून समोरून धावते आणि केवळ आवाजाने तिला वाट दाखवते. हात लावला की जोडी बाद. कोणी पडलेच, तर दोष कोणाचा हे सर्वांना दिसावे, असा त्यामागचा विचार होता.

ही शर्यत मी बरीच वर्षे खुर्चीत बसून पाहिली. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी झाल्यामुळे वसाहतीत मला ‘मॅडम’ म्हणतात, आणि मॅडमसाठी खुर्ची आणून ठेवली जाते. शाळा सुटल्यानंतर मी कधी धावले नव्हते. लोक विशीत ज्या गोष्टी करून पाहतात, त्यांतल्या पुष्कळशा मी निवृत्तीनंतर हाती घेतल्या. हे लिहिणेही त्यांतलेच.

मुलाचे लग्न झाले, तेव्हा मीही सासू झाले. मुलगा जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात सुपरवायझर आहे. सून त्याच गोदामात पार्सले स्कॅन करण्याचे काम करते. तिथेच त्यांची ओळख झाली. तिचे माहेर डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्यावर आहे. घरचे भात लावतात, उरलेल्या दिवसांत मजुरीला जातात. लग्नाला दोन्हीकडून कोणाचा विरोध नव्हता. अडचण निराळीच होती: घरात आम्ही दोघी बोलत नव्हतो. भांडण मुळीच नव्हते. मला आपणहून बोलण्याची सवय नाही, आणि सासूने विषय काढल्याखेरीज आपण तोंड उघडू नये, असे तिला माहेरून सांगून पाठवलेले होते. ती ड्युटीला निघण्यापूर्वी मी तिच्या डब्याशेजारी पाण्याची बाटली भरून ठेवीत असे, आणि संध्याकाळी ती माझा चहा झाकून ठेवीत असे. एवढाच आमचा व्यवहार.

जयंतीच्या थोडे आधी मुलगा म्हणाला, “आई, कोन गावात एक भाड्याची खोली बघून ठेवलीय. तिला इथं जरा जड जातं. जयंती झाली की हलू म्हणतोय.”

मी “बरं” म्हणाले. सून दाराशी उभी होती, तिनेही ते ऐकले. जाऊ नका, असे मला म्हणायचे होते. जयंतीपर्यंत रोज ते वाक्य मी मनात नाना तऱ्हांनी रचून पाहिले. परंतु बोलायची वेळ आली की ते फार मोठे वाटे, आणि मी दुसऱ्या खोलीत निघून जाई.

आमची नावे शर्यतीत मंडळाच्या बायकांनी परस्पर घातली होती. नको म्हणण्याचे धैर्य आम्हां दोघींतही नव्हते. यंत्रमागाच्या एका कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत फक्कीने रेघा आखल्या होत्या. एका अंगाला कारखान्याची भिंत, दुसऱ्या अंगाला पाण्याची टाकी. मध्ये हातपंपाला वळसा घालून पलीकडची रेघ गाठायची.

“आणि आता आपल्या मॅडम! टाळ्या झाल्या पाहिजेत!” माइकवरची बाई ओरडली. “मॅडम, चपला काढा. आणि ही काय लायब्ररी नाय, आवाज केला तरी चालतो!”

शेजारच्या रांगेत आमची शेजारीण होती. ती आपल्या सुनेला बजावत होती, “सरळ ने गं बाई. वर्षभराचा राग आज काढू नकोस.”

“मम्मी, असा चान्स परत येतो काय?” तिची सून म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या.

शिट्टी झाली. समोरासमोर तोंड करून धावणाऱ्या दोघींचे डावे-उजवे उलट असते, ही गोष्ट दरवर्षी सर्वांना धावताना आठवते. “लेफ्ट, मम्मी, लेफ्ट!” “तुझं लेफ्ट का माझं?” असे करता करता शेजारीण खुर्च्यांच्या रांगेत शिरली आणि एका म्हातारीच्या मांडीवर बसली.

आमच्या सुनेने डावे-उजवे म्हटलेच नाही. “टाकीकडं,” ती म्हणाली. “आजून टाकीकडं. बास. आता कारखान्याकडं.” पाड्यावर वाट सांगायची ती डोंगराकडे किंवा ओढ्याकडे अशीच, तिने इथेही तसेच केले. माझे पाय आपोआप वळत होते.

“मागं बघू नका. माझ्याकडं बघा.”

मी बघितले. इतक्या महिन्यांत तिच्या चेहऱ्याकडे मी एवढा वेळ पाहिले नव्हते. तिची नजर माझ्या पायांवरून हलत नव्हती. माझी टाच एका खड्याला अडखळली, तेव्हा तिचे दोन्ही हात पुढे आले आणि नियम आठवून थबकले. हातपंपाचा वळसा संपला तेव्हा आमच्या पुढे एकच जोडी होती. सून हसली, आणि मी थांबले.

“कोनला जाऊ नका,” मी म्हणाले.

ती माझ्यावर आदळता आदळता राहिली. “काय?”

“कोनला. जाऊ नका. मला तुम्ही दोघं घरात हवे आहात.”

“अहो मॅडम, थांबलात काय! गप्पा घरी मारा!” माइकवरून आवाज आला. शिफ्ट संपवून भिंतीवर बसलेला एक कामगार ओरडला, “चलो आंटी, सब आगे निकल गए!”

सून जागची हलली नाही. “मग तवाच का न्हाय बोललात? तुमी तं ‘बरं’ बोललात.”

“मला वाटलं, तुला जायचंय.”

“मना? मना कशाला जायचा हाय? मना वाटला, तुमानाच आमी नको. मी घरात आले का तुमी पुस्तक उघडता.”

“काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून उघडते.”

“तुमी बी ना,” ती म्हणाली. “चला आदी. लोका हसतात.”

आम्ही शेवटच्या आलो. मांडीवर बसलेली शेजारीणसुद्धा आमच्या आधी पोचली होती. रेघेपलीकडे गेल्याबरोबर सुनेने फोन काढला आणि ड्युटीवरच्या नवऱ्याला लावला.

“त्या खोलीवाल्याला न्हाय सांग,” ती म्हणाली. पलीकडून काही विचारले गेले. “का म्हंजे? तुझ्या आयशीला विचार ना.”

तिने फोन माझ्यापुढे धरला. बक्षिसांची घोषणा सुरू होती, तरी जवळच्या बायका गप्प होऊन आमच्याकडे पाहू लागल्या होत्या. मी फोन कानाला लावला आणि त्या सर्वजणी ऐकत असताना, त्याने खोलीचे सांगितले त्या दिवसापासून मला काय काय म्हणायचे होते, ते सांगायला सुरुवात केली.