उंदराला दोन, माणसाला एक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना मला अजून घाम फुटतो. मुलगी बघायला जाऊन उंदरावर व्याख्यान देणारा अख्ख्या येळ्ळूर गावातला एकमेव नवरामुलगा म्हणजे मी!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बेंगळुरात संशोधन करत होतो. इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर आवरणारं संप्रेरक. त्याचं जनुक उंदरात कसं असतं आणि माणसात कसं, हे ताडून बघायचं माझं काम. दिवसभर तेच, स्वप्नातही तेच. सुट्टीत घरी आलो तर आप्पांनी आणि आक्कानं मला धरून निपाणीला नेलं, मुलगी बघायला.

मुलगी शाळेत शिकवायची. पोहे ठेवताना तिनं मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं आणि मी खल्लास! मनात म्हटलं, हीच.

तेवढ्यात तिच्या वडिलांनी विचारलं, "काय काम करतासा म्हणं बेंगळुरात?"

झालं! मी सुटलो. "उंदरात इन्सुलिनची जनुकं दोन असतात, माणसात एकच. आणि त्या दोनातलं एक तर हुबेहूब आपल्यासारखं, मधले गाळले जाणारे तुकडेसुद्धा त्याच जागी!"

"उंदराला दोन?" त्यांनी बिनसाखरेच्या चहाचा कप खाली ठेवला. "आन मला एकच, ते बी नासकं?"

आता इथे तरी शहाण्यानं गप्प बसावं की नाही? आक्का पायानं ढोसत होती. मला वाटलं, तिला बसायला जागा पुरत नसेल. मी सरकलो आणि म्हणालो, "शुगर आहे होय तुम्हाला? ती घराण्यात उतरते बरं का. पोराबाळांना जपायला पाहिजे!"

मुलगी तोंडाला पदर लावून हसली. मला वाटलं, जमलं!

बाहेर पडताच आप्पा कडाडले, "पोरगी नगं हुती तर मागनं निरोप धाडला असता की रं! तोंडावर रोग काढतोस व्हय?"

"नको कोण म्हणालं?" मी रडकुंडीला आलो.

पण आमच्याकडे नकार कुणी सरळ देतं का? पत्रिका जुळत नाही, यंदा कर्तव्य नाही, असं काहीतरी कारण पुढे करायचं. माझं सगळं संशोधन तसलंच एक कारण ठरलं होतं! मला जेवण जाईना. ती मुलगी हातची गेली म्हणून जीव नुसता तुटत होता.

दुसऱ्या दिवशी एकटाच निपाणीची एसटी धरली. तिचे वडील बाहेरच्या सोप्यात बसले होते. चप्पल काढायच्या आधीच मी बोलून टाकलं, "काका, मला मुलगी पसंत आहे. मी नकार दिला नव्हता. ते उंदराचं सगळं विसरा!"

त्यांनी मला जवळ बसवलं, पाठीवर हात ठेवला. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं.

"तुमचं काय बी चुकलं न्हाय, पावणं. तुम्ही काल दारात पाय ठेवलासा, तवाच पोरीनं मला न्हाय म्हणून खुणावलंतं. एवढ्या भल्या माणसास्नी आता कारण काय सांगायचं, ह्या घोरात मी हुतो. तेवढ्यात तुम्ही उंदीर काढलासा. लई उपकार झालं बघा!"