मीटरबाईंचे आठ दिवस

मीटरबाईंनी तीस वर्षं घरोघरच्या पाण्याच्या मीटरांचे आकडे टिपले. त्या तीस वर्षांत लोकांच्या घरांबद्दल त्यांना जे कळलं, ते घरात राहणाऱ्यांनाही कळलेलं नव्हतं. कुणाच्या नळाचा वायसर गेलाय, कुणाकडे पाहुणे महिनाभर ठाण मांडून बसलेत, कोण गुपचूप गाड्या धुवायचा धंदा करतंय, सगळं त्या एका काट्यावरून ओळखायच्या. म्हणून निवृत्तीच्या पैशातून भाड्यानं द्यायला दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा एजंटवर जी वेळ आली ती वैऱ्यावरही येऊ नये.

एजंट बिचारा खिडकीतून दिसणारं झाड दाखवायचा. बाई तोवर मोरीत शिरलेल्या असायच्या. घरातले झाडून सगळे नळ बंद करायला लावायच्या, मग जिने उतरून मीटरपाशी उकिडव्या बसायच्या आणि दहा मिनिटं टक लावून बघत राहायच्या. काटा तसूभर हलला की, "चला, पुढचा दाखवा." त्यानंतर वॉचमनची उलटतपासणी व्हायची. लिफ्ट कितीदा बंद पडते, कुठल्या मजल्यावर पाणी चढत नाही, वर्षभरात किती भाडेकरू सोडून गेले आणि का गेले. असे सतरा फ्लॅट झाले तेव्हा एजंटचा धीर सुटला.

"ताई, राहायचंय कुणाला? तुम्हाला की मीटरला?"

"भाडेकरूला," बाई म्हणाल्या. "त्याला झाड दोन दिवस आवडेल. गळका नळ दोन वर्षं ऐकावा लागेल."

अठराव्या फ्लॅटचा काटा हलला नाही, आणि बाईंनी तो घेतला. तिसरा मजला, समोर बसथांबा, खाली दवाखाना आणि दिसायला अगदी चारचौघांसारखा. साधं घर कधी रिकामं पडत नाही असं बाईंचं मत होतं, आणि बाईंचं मत त्यांच्या पोटात राहायचं नाही. भाजी घेताना, दाताच्या डॉक्टरकडे, दुसऱ्यांच्या लग्नात, जिथं म्हणून दोन कान सापडतील तिथं त्या सांगत सुटायच्या. "भाडेकरूचे कागद नंतर बघा, आधी त्याचं आत्ताचं घर बघा. भिंतीत खिळे किती ठोकलेत ते मोजा. किल्ली देण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. करार लेखी करा, सख्खा भाऊ असला तर दोनदा करा. भाडं थोडं कमी आलं तरी चालेल, पण टिकणारा माणूस घ्या." आणि मग आवाज खाली आणून मुख्य नियम यायचा. "पाटी लावण्याआधी त्या घरात आठ दिवस स्वतः राहा. मालकीण म्हणून नाही, भाडेकरू म्हणून."

कुठली खिडकी वाऱ्यानं आपटते, गरम पाणी येईपर्यंत किती बादल्या वाया जातात, वरचे लोक खुर्च्या ओढतात का, याची यादी करायची. सगळं दुरुस्त करायचं आणि मगच दार उघडायचं. नियम लाखाचा होता. बाईंनी घरी नवऱ्याला सांगितलं, "आठ दिवस तिकडे राहते. महिन्याच्या आत भाडेकरू नाही बसवला तर फ्लॅट विकून टाकू. शब्द देते."

नवरा टेलर. सगळे त्यांना टेलरमास्तर म्हणायचे. घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचं मशीन होतं आणि सकाळी आठपासून गिऱ्हाइकांची ये-जा. चौतीस वर्षांच्या संसारात बाईंनी ताटातून काढलेले दोरे जोडले असते तर त्यांचा एक सदरा झाला असता. मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे ते काय म्हणाले ते नीट कळलं नाही. "जा" एवढं ऐकू आलं.

बाई एक घडीची खाट, एक शेगडी, दोन पातेली आणि एक वही घेऊन फ्लॅटवर गेल्या. पहिल्या दिवशी वहीत नऊ तक्रारी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, "दुपारी घरात काहीच ऐकू येत नाही," आणि पेन हातात धरून बसून राहिल्या, कारण ही तक्रार आहे की काय हे त्यांना ठरवता येईना.

पाचव्या दिवशी त्या ओल्या केसांनी दोन्ही खोल्यांतून गाणं म्हणत फिरल्या. आवाज बरा लागला, म्हणून आणखी एक म्हटलं. सहाव्या दिवशी खिडकीत उभ्यानं, थेट पातेल्यातून जेवल्या. साठीच्या बाईनं असं वागावं का? अवश्य वागावं, उलट तिला उशीरच झाला होता. नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात. इथे नववा गेला, पंधरावा गेला, तरी बाईंची नवलाई काही ओसरेना.

एजंट माणसं आणतच होता. एका जोडप्याचे बूट करकर वाजतात म्हणून बाईंनी नको म्हटलं. दोन नर्स आल्या, त्या फार हसतात म्हणून नको. एका प्राध्यापकांकडे पुस्तकं फार, फरशीवर वजन येईल म्हणून नको. मग पीटीचे एक सर आले, बायको आणि दोन मुलांसह. बाई त्यांचं आत्ताचं घर बघून आल्या. भिंतीत एक खिळा नाही, मोरी लख्ख, नळ कोरडे. असा भाडेकरू दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. फ्लॅटवर परत आल्यावर बाईंनी दोन्ही खोल्या उगाच पावलांनी मोजल्या.

"चार माणसांना दोन खोल्या अपुऱ्या पडतील," त्या म्हणाल्या.

"ताई, खरं सांगा," एजंट सरांना खाली पाठवून म्हणाला. "तुम्हाला भाडेकरू नकोच आहे ना?"

बाईंनी त्याला चार शब्द सुनावले आणि दार लावून घेतलं. मग खाटेवर बसल्या. खरंच होतं की ते. महिना संपायला दोन दिवस उरले होते. घर विकलं तर ही दुपार गेली, आणि नाही विकलं तर शब्द गेला. तिकडे नवरा एकटा जेवतोय आणि आपण इथे मजेत आहोत, याची त्यांना लाज वाटली. लाज वाटूनही मजा कमी होईना, याची त्याहून जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात टेलरमास्तर, इस्त्रीचा सदरा घालून.

"फ्लॅट भाड्यानं द्यायचाय असं कळलं," ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले.

बाई गडबडल्या, पण नियम तो नियम. "माणसं किती?"

"दोन. त्यातलं एक हल्ली घरी नसतं."

"व्यवसाय?"

"टेलर."

"घरात धंदा चालणार नाही. करारात कलम आहे."

"खाली दवाखान्याशेजारी गाळा रिकामा आहे. मशीन तिथं जाईल. बोलून आलोय." मग मास्तरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "आणि हे बघ. जुन्या घरात मी अठ्ठावीस दिवस एकटा राहिलो. तुझा नियम आहे, म्हणून यादी केली."

बाई वाचू लागल्या. मागचं दार फुगलंय. स्वयंपाकघरातली खिडकी लागत नाही. सगळे नळ बंद केले तरी मीटर फिरतंय. इथे मात्र बाईंचे कान तापले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, त्यांची स्वतःची गल्ली तीस वर्षं दुसऱ्या मीटरवाल्याच्या वाट्याला होती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "संध्याकाळी बोलायला कुणी नाही."

"बाकीचं प्लंबर आणि सुतार करतील," मास्तर म्हणाले. "हे शेवटचं त्यांच्यानं होणार नाही."

बाईंना रडू आलं, आणि रडता रडता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुन्या घराला तीन खोल्या आणि मागे अंगण. चार माणसांना अगदी पुरेल, भाडंही या फ्लॅटपेक्षा जास्त येईल. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांना इतकं हसू आलं की खाटेचा पाय निखळला. तशाच जमिनीवर बसून त्यांनी एजंटला फोन लावला, "पीटीच्या सरांना सांगा, घर मिळालं. आमचंच, जुनं."

पलीकडून एजंट म्हणाला, "थांबा ताई. आधी मी मीटर बघून येतो."

यादीतलं सगळं दुरुस्त झालं, भिंतींचे फोटो निघाले, करार लेखी झाला. मास्तरांचं मशीन गाळ्यात गेलं आणि दोघं तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. पहिल्याच दुपारी मास्तर वर जेवायला आले आणि दोन घास खाऊन थांबले. नुसते ऐकत राहिले.

"चौतीस वर्षं माझं मशीन तुझ्या कानाशी खडखडत होतं," ते म्हणाले. "एकदाही म्हणाली नाहीस, की मला हे नको."

"मलाच कुठे ठाऊक होतं."

मास्तर ताट घेऊन उठायला लागले. "मग मी खालीच जेवत जाऊ का?"

"बसा हो," बाई म्हणाल्या. "मशीन नको होतं. तुमचा आवाज मी अजून ऐकलाच कुठेय?"

बाईंनी त्यांना आणखी वाढलं, आणि मास्तर बोलायला लागले.