चौसष्ट ट्रॅकचे मामा

जगातल्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवाल्यांनी आमच्या घरमालकांना विचारून माल बाजारात आणायचं ठरवलं असतं, तर आजतागायत एकही सॉफ्टवेअर विकलं गेलं नसतं आणि सगळे गवई निवांत नुसते गात बसले असते. ही गोष्ट दोन हजार चार-पाच सालची. मी सांगलीहून नोकरीसाठी चेन्नईत आलो होतो. दिवसा इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायचे आणि संध्याकाळी तिरुवल्लिकेणीत या घरमालकांच्या गच्चीवरच्या खोलीत येऊन पडायचं, असा माझा दिनक्रम होता. तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळी गल्ली त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणायची. मीही म्हणू लागलो. दोघंही तंजावरकडची मराठी माणसं. खोली मिळेल का, असं मी विचारायला गेलो तेव्हा मामा म्हणाले, "खोली आहे. परंतु तुम्ही वाद्य वाजवितां काय? वाजवीत असल्यास कोणत्या सॉफ्टवेअरवर?" बखरीतून उठून आल्यासारख्या माणसाच्या तोंडी सॉफ्टवेअर हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी काहीच वाजवत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण खोली मिळाली.

मामा स्वतःही काही वाजवत नसत. वीजखात्यातली कारकुनी संपल्यावर मुलीनं त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला आणि त्यांनी जाहीर केलं की, आता मामींची पदं रेकॉर्ड करायची. मामींना आईकडून आलेली चौदा मराठी पदं येत होती; काही लग्नातली, काही झोपाळ्यावरची. आई गेली, बहीण गेली. ती पदं येणारं मामींखेरीज कोणी उरलं नव्हतं. काम म्हटलं तर एका दुपारचं होतं. मामांचं त्यात चौथं वर्ष चालू होतं. कारण पदं घ्यायची तर सॉफ्टवेअर उत्तम हवं, आणि उत्तम कोणतं हे ठरवायला तक्ता हवा. दोनशे पानी वहीत त्यांनी तो आखला होता. त्यात आवाजाचा दर्जा, ट्रॅकची संख्या वगैरे रकाने होतेच, पण शेवटचा रकाना 'स्वभाव' असा होता. एक सॉफ्टवेअर न विचारता स्वतःच बंद पडायचं, त्याच्यापुढे 'उर्मट' असा शेरा होता.

सॉफ्टवेअर तीस दिवस फुकट वापरायला मिळे. मामा एकतिसाव्या दिवशी कॉम्प्युटरची तारीख मागं न्यायचे. त्यामुळं बाहेर चेन्नई उन्हानं करपत असली तरी मामांच्या बैठकीत वर्षभर पोंगलचा महिना असायचा. मे महिन्यात मुलीला टाइप केलेल्या पत्रावर जानेवारीची तारीख पडली आणि तिनं पोस्टाकडे रीतसर तक्रार केली. दुसरं एक सॉफ्टवेअर गाण्याला घुमारा द्यायचं. त्यात चर्चचा घुमारा होता, मोठ्या हॉलचा होता, न्हाणीघराचासुद्धा होता, देवळातल्या मंडपाचा मात्र नव्हता. मामांनी कंपनीला तीन पानी इंग्रजी पत्र पाठवलं. 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' असं यंत्रानं धाडलेलं उत्तर आलं, ते त्यांनी छापून फायलीला लावलं आणि "कंपनीसोबत बोलणीं चालू आहेत" असं महिनाभर सांगत फिरले. तांबरमच्या वीणा शिकवणाऱ्या एक बाई कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं हे विचारायला आल्या. तीन तास त्यांनी तक्ता ऐकला. पुढच्या आठवड्यात त्यांनी घरातला कॉम्प्युटर भाच्याला देऊन टाकला, असं कळलं.

नव्या आवृत्तीत चौसष्ट ट्रॅक येणार हे कळलं त्या दिवशी तर मामांनी मला जिन्यातच गाठलं. "चौसष्ट! एकाच वेळीं चौसष्ट जण!"

"घरांत गाणारी मी एकटी," आतून मामी म्हणाल्या. "बाकीच्या त्रेसष्ट कोठून आणितां?"

आणि मग मामींच्या गळ्याला गाठ आली. थायरॉईडची. ऑपरेशन करावं लागेल, आवाज बदलला तर बदलेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मंगळवारचं ऑपरेशन ठरलं, सोमवारी दाखल व्हायचं. आता तरी मामा असेल त्या सॉफ्टवेअरवर बटण दाबून मोकळे होतील असं मला वाटलं. पण रिची स्ट्रीटच्या कॉम्प्युटर बाजारातून ते नव्या आवृत्तीची डेमो सीडी घेऊन आले. तिच्यात म्हणे आवाजातला कचरा काढायची सोय होती.

शनिवारी पहाटे पाचला, गल्ली उठायच्या आत, आम्ही तिघं बैठकीत बसलो. माईकचा स्टँड अजून यायचा होता, म्हणून माईक धरायला मी. मामींनी एका दमात चौदाच्या चौदा पदं म्हटली. माझी कंपनीची बस सव्वासहाची. माझा डोळा घड्याळाच्या काट्यावर होता आणि हाताला मुंग्या आल्या होत्या. शेवटचं झोपाळ्याचं पद संपलं, मामांनी आनंदानं 'सेव्ह' दाबलं आणि पडद्यावर पाटी आली: ही सोय डेमोमध्ये उपलब्ध नाही.

गाणी आत होती. वाजत होती. फक्त ठेवता येत नव्हती. पूर्ण आवृत्ती घातली की ठेवता आली असती, पण ती घालायला कॉम्प्युटर बंद करावा लागणार आणि बंद केला की गाणी जाणार. दोन दिवस तो कॉम्प्युटर घरातल्या बाळंतिणीसारखा जपला गेला. जवळून कोणी जोरात चालायचं नाही, पंखा एकवर. मी म्हटलं, "मामा, स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवा आणि कॅसेटवर उतरवून घ्या." मी त्यांना स्टेशनवर भीक मागायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कॅसेट? त्यांत किती खरखर असते पा!" मी ते तिथंच सोडलं. आग्रह धरायला हवा होता.

सोमवारी सकाळी टॅक्सी आली. मामींची पिशवी उचलली, गॅस बंद केला, दार ओढलं आणि मामांनी व्हरांड्यातला मेन स्विच खाली केला. तीस वर्षं वीजखात्यात काढलेला माणूस. घर सोडताना मेन बंद केल्याशिवाय त्यांनी कधी कोपऱ्यावरून भाजीसुद्धा आणली नव्हती. आतून, वीज गेली की कॉम्प्युटरला काही क्षण धरून ठेवणाऱ्या यूपीएसची बारीक पिपाणी ऐकू आली. मामांच्या हातातून किल्ली पडली. मेन पुन्हा वर करेपर्यंत ती पिपाणी थांबली होती, आणि मी कुलूप उघडून पाहिलं तर पडदा काळा होता. मामा व्हरांड्यात तसेच उभे राहिले, आणि टॅक्सीत बसलेल्या मामी म्हणाल्या, "चला हो. मी आहें ना, पुन्हा म्हणेन." तेव्हा मला त्या माणसाचा संताप आला होता. आज येत नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. दोन महिन्यांनी मामी बोलायला लागल्या, गुणगुणायलाही लागल्या. आवाज खाली बरा होता. वर चढला की तुटायचा. मामांनी असेल त्या सॉफ्टवेअरवर चौदा पदं घेतली, वहीतला तक्ता न बघता. तेरा निभली. झोपाळ्याचं पद अडलं, कारण त्यात एक उंच जागा होती.

एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. बराच वेळ कीबोर्ड पुसत बसले. मग म्हणाले, "त्या दिवशीं ती जागा हिनें कशी घेतली? मी पडद्यावरच्या त्या हिरव्या पट्टीकडे बघत होतों, आवाज फार चढून ती लाल होईल म्हणून. ऐकिलेंच नाहीं. तुम्ही तर अगदी समोर होतां."

"छान घेतली होती, मामा."

"छान म्हणजे कशी? म्हणून दाखवा."

मला काही आठवेना. मी काहीतरी गुणगुणलो.

स्वयंपाकघरातून मामींच्या हसण्याचा आवाज आला. "तसें नव्हे पा," म्हणत त्या पदराला हात पुसत दारात आल्या आणि त्यांनी ओळ धरली. आवाज पायरी पायरीनं वर गेला, त्या जागेपाशी आला आणि थांबला. त्या दारातच उभ्या राहिल्या, तोंड थोडं उघडं, हात वर. मामा आणि मी मान वर करून पुढचं ऐकायला बसून राहिलो.